लाल रंग नसलेलं तिकीट

खंडू, तुझ्या त्या पांगाऱ्याच्या फुलाच्या तिकिटाबद्दल मी तुझ्याशी एकोणीस वर्षं खोटं बोललो.

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. छापलेले कागद तपासताना, तुझ्या घरून परत येताना, आणि शेवटी दवाखान्यात त्या काचेच्या दाराबाहेर. पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा तुझ्या कानाशी वाकलो आणि तोंडातून एवढंच निघालं, “खंडू, मी मिलिंद. आलोय.” तुझं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, नळीतून श्वास चालला होता. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच वहिनींना सांगितलं होतं की आता काही ऐकू जात नाही. तरीही माझी जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तू कसा गेलास हे लोक मला अजून विचारतात आणि मला ते सांगायची लाज वाटते. पाण्यापायी गेलास. फुलंब्री रस्त्याला तू प्लॉट घेतलास तेव्हा चहूकडं काळी रानं होती. दहा वर्षांत रानं गेली, घरांच्या रांगा आल्या, मेडिकल आलं, मोबाईलचं दुकान आलं, दोन मंगल कार्यालयं आली. नळ तेवढा आला नाही. यंदाच्या मे महिन्यात टँकरही आठ-आठ दिवस यायचा नाही. त्या दिवशी आला तेव्हा तू पाइप खांद्यावर घेऊन गच्चीवर चढलास. गच्चीला कठडा नव्हता. “पुढच्या दिवाळीला करू” असं तू सहा दिवाळ्या म्हणत होतास. खालून टँकरवाल्यानं पाणी सोडलं, पाइपाला हिसका बसला, आणि तू खाली आलास. वहिनी सांगत होत्या, तू पडलास तरी पाइप वाहतच राहिला, आणि शेजारच्या बायका आधी तुझ्याकडं धावल्या, मग बादल्या आणायला. त्यांच्यावर राग धरू नको. वहिनींनीही धरलेला नाही.

आपली गाठ पडली ती आयटीआयच्या वसतिगृहात. खोलीत दोन खाटा होत्या. एका खाटेवर मी बसलेलो, आणि तू दारातून आत आलास तो घोंगडी खांद्यावर टाकून. अंगाला मेंढरांचा वास येत होता. मी नाक मुरडलं असणार, कारण तू पहिलंच वाक्य बोललास, “वास जाईल चार दिवसांत. तवर दम धर.” मी भीमनगरातला, छपाईचं मशीन शिकायला आलेला. तू वैजापूरकडच्या धनगरवाडीतला, फिटर व्हायला आलेला. आपल्या दोघांच्या घराण्यात आपणच पहिले शिकायला बाहेर पडलेले. ते आपण कधी बोललो नाही, पण एकमेकांकडं पाहून कळत होतं.

पहिलं तिकीट माझ्याच पत्रावरचं. माझ्या आईनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र आलं, आणि तू ते माझ्या हातातून ओढून डोळ्यांजवळ नेलंस. तिकिटाच्या कडेची भोकं सरकून चित्रातल्या माणसाच्या गळ्यातून गेली होती. तू म्हणालास, “हे कुणी तपासलं न्हाई?” मी म्हणालो, “लाखांनी छापतात, एखादं सुटतं.” तू रात्री जेवतानाही तेच घेऊन बसलास. इतक्या हातांतून गेलं, इतक्या डोळ्यांखालून गेलं आणि तरी सुटलं, याचं तुला फार अप्रूप वाटलं होतं. आईच्या पत्राचं तिकीट मी तुला देऊन टाकलं.

पुढं तू वाळूजच्या कारखान्यात लागलास, तपासणी खात्यात. आठ तास मोजपट्टी लावून चुकलेले सुटे भाग लाल पेटीत टाकायचे, हे तुझं काम. आणि रविवारी गुलमंडीमागच्या रद्दीवाल्यांकडं बसून चुकलेली तिकिटं शोधायची, ही तुझी मौज. मी जवळच्याच प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापायचो. तू दुपारी पाकिटांचा गठ्ठा घेऊन यायचास आणि माझ्या टेबलावर पसरायचास. छापताना कागद घसरला की काय होतं, दोन कागद चिकटून गेले की काय होतं, एखाद्या रंगाचा रूळ कोरडा गेला की काय होतं, हे मी तुला मशीनवर दाखवायचो. तू मला तिकिटं दाखवायचास. आपलं आपलं ज्ञान आपण असं वाटून खाल्लं.

एका गोष्टीवर आपलं शेवटपर्यंत जुळलं नाही. छापखान्यातून कुणी चोरून आणलेला वाया कागद, त्यावर उलटंसुलटं छापलेलं तिकीट, ती चूक मानायची की नाही? मी म्हणायचो, चूक ती चूक. तू खवळायचास. “मिलिंद, तो कचरा हाय. मशीनपाशीच पकडला गेला म्हंजे तपासणाऱ्यानं आपलं काम केलं. पोस्टाच्या खिडकीतून इकत गेलं पाहिजे, साध्या माणसानं जिभेनं ओलं करून चिकटवलं पाहिजे, तवा ती चूक.” मी मुद्दाम उलट बोलायचो, कारण तू चिडलास की फार छान बोलायचास. गेल्या महिन्यातसुद्धा हाच वाद घालून तू घरी गेलास. आता सांगतो, तुझंच बरोबर होतं. मला ते पहिल्यापासून पटलेलं होतं.

माझी बोटं गेली ते वर्ष आठवतं? उजव्या हाताची दोन बोटं रुळांत सापडली. तू वीस दिवस रोज कारखाना सुटल्यावर यायचास. वाळूजहून भीमनगर, तेही सायकलवर. माझ्या शर्टाची बटणं लावायचास, पट्टी बदलायला न्यायचास. मी भिंतीकडं तोंड करून पडलेलो असायचो. मशीनवाल्याची बोटं गेली म्हणजे संपलंच, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. एका संध्याकाळी तू माझ्या डाव्या हातात भिंग दिलंस आणि समोर तिकिटांचं ताट ठेवलंस. म्हणालास, “डोळे तर हायेत ना? बघ यात काय सापडतंय.” मी तीन तास बघत बसलो. त्या दिवसापासून मी रडलो नाही. पुढं मालकानं मला छपाई तपासायला ठेवलं, आणि आजवर माझं घर त्याच डोळ्यांवर चाललं. हे मी तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. तू ऐकूनही घेतलं नसतंस.

म्हणून तर ते तिकीट तू आणलंस तेव्हा मला बोलता आलं नाही.

तुझे आबा वारले तेही दुष्काळाचंच वर्ष होतं. माझ्याकडं निवडणुकीच्या पत्रकांची घाई होती, मी गावी आलो नाही. दिवस उरकून तू परस्पर प्रेसवर आलास. डोक्याचा गोटा, गालांची हाडं वर आलेली. मला वाटलं, बापाबद्दल काही बोलशील. तुझं आणि आबांचं काय होतं ते मला ठाऊक होतं. कळप एकुलत्या एका पोरानं राखावा अशी त्यांची इच्छा होती, आणि तू त्यांचं न ऐकता शिकायला निघून आलेलास. निघताना त्यांनी तोंड फिरवलं. तुझ्या लग्नात आले, कोपऱ्यात बसून जेवले आणि शब्द न बोलता परत गेले. “बापानं मला कधी माफ केलं न्हाई,” हे तू वर्षातून एकदा तरी म्हणायचास, आणि म्हणून झालं की विषय बदलायचास.

त्या दिवशी बापाबद्दल तू काहीच बोलला नाहीस. पिशवीतून एक पाकीट काढून भिंगाखाली ठेवलंस. “घरात तारेवर टोचलेलं व्हतं. माझंच पत्र हाय, वसतिगृहातनं आबाला धाडलेलं. आता तिकीट बघ.”

मी पाहिलं. फुलांच्या मालिकेतलं पांगाऱ्याचं फूल. ते लालभडक असतं, आणि तुझ्या तिकिटावर ते राखी-निळं होतं. देठ, पानं, अक्षरं सगळं जागच्या जागी. फक्त लाल नाही.

तू फुलावर बोट ठेवलंस. “लाल रंग उतरायचाच राहिला. म्या माझ्या हातानं लावलेलं तिकीट हाय, मिलिंद. खिडकीतून घेतलेलं. तवा मला काय कळत व्हतं? न बघता चिकटवलं. सगळ्या देशात एकच असंल. सांग, खरं हाय ना?”

खंडू, मला अर्ध्या मिनिटात कळलं होतं. रंग उतरायचा राहिला तर खाली कागद कोरा असतो. उडालेल्या रंगाचा मात्र माग राहतो. शिक्क्याची काळी शाई जिथं तिकिटावर आली होती, तिच्या कडेला लाल ठिपके अजून शाबूत होते. बाकी फुलावर भिंगातून जेमतेम दिसेल अशी गुलाबी धूळ होती. पाकिटाची पुढची बाजू करपल्यासारखी तपकिरी आणि मागची पांढरी. ऊन. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं पाकीट होतं ते. लाल आधी उडतो, निळा आणि काळा मागं राहतो, हे मी भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरांवर रोज पाहत होतो.

मी एकदाच चाचरत विचारलं, “ऊन तर नव्हतं ना लागत तिथं?”

“कुठलं ऊन? आतल्या घरात, कणगीच्या वर. दिवसा चिमणी लावावी लागते तिथं.”

मी तुझ्या डोक्याच्या गोट्याकडं पाहिलं, आणि म्हणालो, “खरं हाय.”

तू खुर्चीवर बसलास आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मला वाटलं, चार दिवस आनंदात राहू दे, मग सांगू.

चार दिवसांनी नाही सांगितलं. मग तू त्याच्यासाठी वेगळा अल्बम आणलास, पहिल्या पानावर एकटं ते पाकीट. खाली तुझ्या ठसठशीत अक्षरात लिहिलंस, “लाल रंग वगळला गेला. एकमेव प्रत.” पाकिटाच्या आत पत्र तसंच होतं, पण कडा फाटतील म्हणून तू ते बाहेर काढू द्यायचा नाहीस. “काय लिवलंय ते मला ठाऊक हाय,” म्हणायचास. दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं. दुसऱ्या कुणाचं तिकीट असतं तर तू स्वतःच पाकीट उलटं करून पाहिलं असतंस आणि “उन्हात वाळवलंय” म्हणून परत केलं असतंस. आपल्या तिकिटाची मागची बाजू तू कधी नीट पाहिली नाहीस. मी ती पाहिली होती आणि गप्प होतो.

तू तिकिटांच्या प्रदर्शनाचं नाव काढलंस की मी काहीतरी फाटे फोडायचो. काच चांगली नसते, गर्दीत चोरीला जाईल, अजून दोन-चार चांगली तिकिटं जमू देत. एकदा तू मला तोंडावर म्हणालास, “तुला बघवत न्हाई का माझं?” मी ते ऐकून घेतलं. मत्सर म्हण, काही म्हण, पण तिकीट घरात राहू दे, असं मला वाटत होतं.

शेवटी सहा वर्षांपूर्वी शहरात प्रदर्शन भरलं तेव्हा तू मला न विचारता नाव दिलंस. इस्त्रीचा शर्ट घालून दोन दिवस चौकटीपाशी उभा राहिलास. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेले परीक्षक तुझ्या पानापुढं थांबले. म्हातारे होते, मृदू बोलायचे. भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “छान जपलंय. पण ही छपाईची चूक नाही हो. रंग उडालाय.” तिकिटं जमवणाऱ्या आपल्या रविवारच्या मंडळातले चार-पाच जण मागंच उभे होते. त्यातला एक हसला आणि म्हणाला, “काय खंडूशेठ, गच्चीवर वाळत घातलं व्हतं का?”

तू मला हाताला धरून पुढं ओढलंस. “हा माझा दोस्त. वीस वर्षं छपाईत हाय. ह्याला इचारा.”

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही मशीनवर काम करता?”

“करायचो. आता छपाई तपासतो.”

“आणि तुम्हाला यात रंग उतरायचा राहिलेला दिसतोय?”

सगळे माझ्याकडं बघत होते. तुझी पकड माझ्या मनगटावर होती, बोटं गेलेल्या हाताच्या.

“दिसतोय,” मी म्हणालो.

परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं. पान चौकटीतून काढून तुझ्या हातात दिलं आणि पुढं गेले. मग तू मोठमोठ्यानं बोलायला लागलास. परीक्षकांना कळत नाही, मंडळातले लोक जळतात, पुण्याच्या माणसांना खेड्यातल्या माणसाकडं असं काही असूच शकत नाही असं वाटतं. लोक पांगले. बाहेर स्कूटर काढताना तू पुन्हा विचारलंस, या वेळी हळू आवाजात. “मिलिंद, खरं सांग. खरं हाय ना?” मी मागं बसलो आणि म्हणालो, “चल, घरी चल. खरं हाय.”

त्यानंतर तू मंडळात गेला नाहीस. ज्यांच्याबरोबर तू पंधरा वर्षं रविवार घालवले त्यांची नावं काढलेली तुला चालेनात. तुझ्याकडं मी एकटाच उरलो, आणि तुला वाटायचं की मी एकटाच खरा. वहिनी म्हणायच्या, भावजी आले की हे चार घास जास्त जेवतात. ते चार घास मला गिळवत नसत.

यंदा तू ठरवलंस की तिकीट दिल्लीला नेऊन तज्ज्ञांकडून दाखला आणायचा. “तू बरोबर चल. मशीनचं तू सांग, बाकीचं म्या सांगतो.” मी म्हणालो, “ऊन लई हाय. पाऊस पडू दे, मग जाऊ.” मी मनाशी पक्कं केलं होतं की आगगाडीत बसलो की सांगायचं. तिथून तुला उठून जाता आलं नसतं. तू मान हलवलीस. बारा दिवसांनी तो टँकर आला.

तुझं तेरावं झालं आणि तुझी माय म्हणाली, मला गावी सोड. वहिनी तिला राहा म्हणत होत्या. ती म्हणाली, “हितं पाणी इकत घेऊन मला कशाला पोसता?” मी तिला घेऊन वैजापूरच्या एसटीत बसलो. निघताना वहिनींनी तो अल्बम माझ्या पिशवीत घातला. “तुमच्याशिवाय कुणाला कळणार ह्यातलं? बघून सांगा, कुठं द्यायचा.” रस्त्यानं दोन्ही बाजूंना रान भाजून निघालेलं. माय सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

इतक्या वर्षांत मी तुझं गावचं घर पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची छपरी, छपरीला कडुलिंबाचा एक खांब, आणि समोरून पायवाट. मायनं मला पाणी दिलं, खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “मिलिंदा, त्याच्या बापाचं ते पाकीट कुठं हाय? आबा गेल्यावर त्यानं तारेवरचं काढून नेलं. म्या म्हणलं, बापाची आठवण म्हणून नेलं. बोलला न्हाई, पर नेलं तर खरं. कुठं ठिवलं व्हतं त्यानं?”

मी अल्बम काढून पहिलं पान तिच्यापुढं धरलं.

तिनं प्लॅस्टिकवरून हात फिरवला. “किती जपलंय लेकरानं,” ती म्हणाली.

मग मी विचारलं. “माय, हे पाकीट कुठं असायचं? आत, कणगीवर?”

“आत म्या नेलं, आबा गेल्यावर. त्याआधी हितंच.” तिनं डोक्याच्या वर, खांबाला ठोकलेल्या खिळ्याकडं बोट केलं. उगवतीचं ऊन सरळ त्या खांबावर येत असणार. “सकाळी मेंढरं सोडायच्या आधी हितं अडकवायचा. दिस मावळला की आत. पाऊस आला तरच दिवसा आत, आन् तवा पाऊस व्हता कुठं?”

“बाहेर कशाला?”

“त्याला कुठं वाचता येत व्हतं? वाटंनं कुणी शिकलेलं गेलं की हाक मारायचा. मास्तर जावो, तलाठी जावो, कापूसवाला जावो. पाणी द्यायचा, आन् पाकीट काढून म्हणायचा, वाचा बरं, पोराचं हाय. आत ठिवलं तर शोधत बसावं लागतं, माणूस पुढं निघून जातो. म्हणून हितं. धा वर्सं. लोक हसायचे, तेच तेच काय ऐकतो म्हणून.”

मग ती म्हणाली, “आता तू वाच. आबा गेल्यापासून कुणी वाचलं न्हाई.”

खंडू, मी तुझं पाकीट उघडलं. तू ते करू दिलं नसतंस. कागद घड्यांवर इतका झिजला होता की जुन्या धोतरासारखा मऊ लागला. किती जणांनी उलगडला असेल, किती जणांनी मिटला असेल. मी वाचलं. तू लिहिलं होतंस की सुखरूप पोचलो, खोलीत मिलिंद नावाचा पोरगा आहे, चांगला वाटतो. काळ्या मेंढीचा पाय बरा झाला का, पाऊस झाला का, ते विचारलं होतंस. आणि शेवटी होतं, “तुमचा माझ्यावरचा राग गेला असेल तर कुणाकडून तरी दोन ओळी लिहून पाठवा. पत्र आलं नाही तर राग तसाच आहे असं मी समजेन.”

“मग उत्तर का नाही पाठवलं, माय?”

“लाजायचा.” ती जमिनीकडं बघून बोलत होती. “परक्या माणसाकडून पोराला काय लिहायला लावायचं? म्हणायचा, येईल की तो, तवा बोलू. तू यायचास तवा”, ती बोलता बोलता तुझ्याशीच बोलायला लागली, “तू तोंड पाडून बसायचास, तो पाकीट आत दडवून मेंढरांत जाऊन बसायचा. दोघं एका मातीचे.” मग माझ्याकडं वळली. “खंडूनं इचारलं असतं तर सांगितलं असतं म्या. कुणी इचारलंच न्हाई.”

परत आल्यावर मी दोन कामं केली. आधी वहिनींना सगळं सांगितलं. तिकिटाचंही, खिळ्याचंही, माझंही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भावजी, आज तुम्ही घरी जा.” मी गेलो. अजून त्यांनी बोलावलेलं नाही.

मग मंडळातून नंबर मिळवून पुण्याच्या त्या परीक्षकांना फोन केला. ते आता फार थकले आहेत. मी सांगितलं की तुम्ही बरोबर होता, खोटं मी बोललो, खंडूला काही ठाऊक नव्हतं, तो फसवणारा माणूस नव्हता. त्यांना तू आठवत होतास. म्हणाले, “त्या दिवशी तुमचा चेहरा दिसला होता मला. वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही त्यांना शांतपणे सांगाल. म्हणून मी जास्त बोललो नाही.” मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी मंडळात जाऊन सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे. त्यांनी हाकललं तर हाकलू देत.

तुझ्याकडं माफी मागायला मी हे लिहीत नाही. ती द्यायला तू नाहीस, आणि मागायची वेळ मी घालवली. तू मला दोनदा सरळ विचारलंस. एकदा प्रेसवर, डोक्याचा गोटा केलेला, आणि एकदा स्कूटर काढताना. दोन्हीपैकी एकदा जरी मी म्हणालो असतो, “खंडू, याला ऊन लागलंय,” तर तू भडकला असतास. महिना-दोन महिने माझ्याकडं फिरकला नसतास. पण तू तपासणीवाला होतास, तुला झोप लागली नसती. कणगीवरच्या अंधारात ऊन कुठून आलं, हे विचारायला तू हट्टानं गावी गेला असतास, आणि मायनं तुला खांबाचा खिळा दाखवला असता.

तुझा बाप तुझ्यावर रागावलेला नव्हता, खंडू. तो तुझं पत्र दहा वर्षं रोज ऐकत होता. तू मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलास की बापानं मला माफ केलं नाही. तुला हे कळू शकत होतं. एकोणीस वर्षं माय जिवंत होती, मी जिवंत होतो, आणि तू जिवंत होतास.